थोरल्याच्या डोळ्यांतलं पाणी

समोरच्या घरातली मुलगी काल दुपारी पेपर देऊन आली आणि घरात न जाता पायरीवरच बसली. आईने आतून विचारलं, कसा गेला. ती म्हणाली, "दोन पुरवण्या जोडल्या." पेपर चांगला गेला असेल किंवा नसेलही, पण मूळ उत्तरपत्रिकेत मावणार नाही इतकं आपल्याजवळ लिहायला होतं, हा अभिमान त्या एवढ्याशा वाक्यात होता. मी गॅलरीत उभा होतो. हातातला चहा निवून गेला तरी तिथेच उभा राहिलो.

सोलापूरचं ऊन मार्चमध्येच वयात येतं. सकाळी नऊलाच रस्ता पांढरा पडतो, कडुनिंबाचा बारीक फुलोरा पायऱ्यांवर सांडलेला असतो आणि त्याचा कडसर गोड वास उघड्या पुस्तकांत शिरतो. परीक्षा मला कधी अवघड गेल्या नाहीत. तरीही हा वास आला की मी अभ्यास न झालेला मुलगा होतो. आपण काहीतरी करायचं होतं, ते केलं नाही, आणि आता घंटा झाली आहे. यंदा हे जास्तच वाटतं. व्यंकू जाऊन अजून वर्ष झालेलं नाही.

पुरवणी म्हटली की मला आधी व्यंकूचा खिसा आठवतो. परीक्षेच्या खोलीत पुरवणी बांधायला पांढरा दोरा मिळायचा आणि तो नेहमी कमी पडायचा. व्यंकटेशच्या, म्हणजे आमच्या व्यंकूच्या, शर्टाच्या खिशात मात्र सुताचा गुंडा असायचाच. त्याच्या घरी माग होते, मागच्या अंगणात रंगाचे हौद होते, आणि हौदातून काढलेल्या सुताच्या लडी दोरीवर निथळत असायच्या. कॉलेजच्या पहिल्या वर्षी चाचणी परीक्षेला दोरा संपला, तेव्हा त्याने खिशातून डाळिंबी सूत काढून आम्हा तिघांना वाटलं. आम्ही ते पुरवण्यांना बांधलं, छान गाठी मारल्या. पर्यवेक्षक भडकले. रंगीत दोरा म्हणजे ओळखीची खूण, म्हणजे पेपरावर नाव लिहिल्यासारखंच. त्यांनी आमच्या गाठी एकेक करून कापल्या. व्यंकू उभा राहून शांतपणे म्हणाला, "सर, आमच्याकडं पांढरं सूत येतं ते रंगवायलाच." तेलुगू घरातला मुलगा तो, मराठी बोलताना प्रत्येक शब्द किंचित लांबवायचा, त्यामुळे त्याचा उद्धटपणाही नम्र वाटायचा. पर्यवेक्षकांना हसू आलं. गाठी मात्र कापल्याच गेल्या.

पांढरं आलं की रंगवायचं. त्याचा सगळा स्वभाव त्या वाक्यात होता. मला हे समजायला फार वर्षं लागली.

आम्ही चौघे होतो. व्यंकू, मी, रफीक आणि दत्ता. रफीकच्या वडिलांचं मोटारदुरुस्तीचं गॅरेज होतं. त्याच्या नखांच्या कडा कायम काळ्या असायच्या आणि कुणाचंही बोलणं तो खोलून, पुर्जे वेगळे करून बघायचा. दत्ता केम गावचा. कॉलेजसाठी सोलापुरात खोली घेऊन राहिलेला. त्याच्या थोरल्या भावाने स्वतःची शाळा सोडून शेत धरलं होतं आणि याला शिकायला पाठवलं होतं. पॅसेंजरने येणाऱ्या कुणाच्या तरी हाती भाऊ भाकरीचं गाठोडं पाठवायचा. दत्ता ते सोडायच्या आधी क्षणभर तसंच मांडीवर धरायचा. आणि मी, पुस्तकातला. घरी इंग्रजी वर्तमानपत्र येई, वडील ते मोठ्याने वाचायला लावत, म्हणून चौघांत इंग्रजी मलाच येतं असं ठरून गेलं होतं.

त्या काळात, सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, सोलापुरात टेलिव्हिजन नव्हता. कुणा बड्या घरात हौसेने आणून ठेवलेली पेटी असेलही, पण तिच्यात मुंग्यांखेरीज काही दिसायचं नाही. चित्रं पुण्यापर्यंत येऊन थांबायची. व्यंकूचे मामा पुण्यात एका बंगल्यात माळी होते आणि व्यंकू सुटीत त्यांच्याकडे जायचा. बंगल्याच्या दिवाणखान्यात टेलिव्हिजन होता. व्यंकूच्या सांगण्यानुसार साहेब त्याला हाक मारून आत बोलावत, सतरंजीवर बसवत. तिथे त्याने एक इंग्रजी मालिका बघितली. अंतराळात, चांदण्यांत वाट चुकलेलं एक जहाज, त्याचा तरणा कप्तान, आणि कप्तानाच्या मागे नेहमी उभा असणारा एक उंच, टकला, पायघोळ झगा घातलेला माणूस. त्या माणसाचं नाव व्यंकूने कधी सांगितलं नाही. तो थोरला होता, एवढं पुरे होतं.

थोरला म्हणजे कप्तानाचा मोठा भाऊ. पण हे कप्तानाला ठाऊक नाही. आईने मरताना थोरल्याकडून वचन घेतलं, धाकट्याला सांगू नकोस, नाहीतर तो तुझ्या सावलीत वाढेल. म्हणून थोरला नोकरासारखा त्याच्या मागे उभा राहतो. जहाजावर काही बिघडलं की दोष आपल्या अंगावर घेतो. बोलत नाही, नुसता उजव्या हाताचा तळवा वर करतो. व्यंकू हे सांगताना आम्ही बसायचो त्या पारावर उभा राहायचा, तळवा वर करायचा, आणि आम्ही तिघं मांडीवरची पुस्तकं मिटून घ्यायचो. थोरल्याचा झगा डाळिंबी. कप्तानाचा मोरपंखी. जहाज आतून आमसुली, आणि बाहेरचा काळोख काळा नाही, तर हौदात निळीचा रंग पहिल्यांदा सोडल्यावर दिसतो तसा. प्रत्येक सुटीनंतर तो नवे भाग घेऊन यायचा. आम्ही न पाहिलेल्या मालिकेचे इतके भक्त झालो होतो, की दत्ता घरच्या पत्रात भावाला थोरल्याची खुशाली कळवायचा.

आता विचार करताना एक गोष्ट लख्ख दिसते. व्यंकूच्या सांगण्यात रंग होते, चेहरे होते, हातवारे होते, संवाद तर भरपूर होते. पण बोलण्याखेरीज आवाज कधीच नव्हता. कुठे स्फोट झाला तर उजेड पडायचा, दणका नसायचा. जहाजाची घरघर नव्हती, मालिकेचं म्हणून काही संगीत नव्हतं. दिवसभर मागांच्या खटखटाटात वाढलेला मुलगा. मला वाटायचं, याला शांतता आवडत असेल.

मग त्या मार्चमध्ये, वार्षिक परीक्षा तोंडावर असताना, चौकात जाहिरात लागली. त्याच मालिकेवरून काढलेला सिनेमा. आमच्याकडे इंग्रजी सिनेमा रविवारी सकाळी एकच खेळ लागायचा, आणि आवडला तर पुढच्या रविवारी पुन्हा. जाहिरातीवर कप्तान मोठा होता. थोरला मागे, कोपऱ्यात, अंगठ्याएवढा. दत्ताने त्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ह्यो बघा, हितंबी मागंच हुबा हाय." व्यंकू जाहिरात बघत राहिला. आनंदाने उड्या मारेल असं वाटलं होतं, तर म्हणाला, परीक्षा आहे, कशाला उगाच. आम्ही त्याला हसलो. ज्याने आम्हाला वेड लावलं तोच आता अभ्यासाचं सांगतोय, म्हणून रफीकने त्याची फार टिंगल केली. तो आला. येणं भागच होतं.

परीक्षेच्या दिवसांत सिनेमाला बसण्याचा अपराध काय असतो ते त्या वयातल्यालाच कळेल. काळोखात बसलेलं असताना घरच्या टेबलावर उघडं राहिलेलं पुस्तक पाठीमागून बघत असतं. मी घरी खोटं सांगून आलो होतो. दत्ता खोटं न सांगता आला होता, कारण खोलीवर सांगायला कुणी नव्हतं, आणि त्याला तेच जास्त लागत होतं.

दिवे गेले आणि संगीत सुरू झालं. कर्कश, तुताऱ्यांचं, खुर्ची हलवणारं. व्यंकू माझ्या शेजारी होता. तो दचकला. इतक्या सुट्यांच्या संध्याकाळी ज्याने ही मालिका बघण्यात घालवल्या होत्या तो तिच्या सुरुवातीच्या संगीताला दचकला. मग कप्तान बोलला. आवाज चिरका, जवळजवळ बायकी. व्यंकू कप्तानाला नेहमी घुमणारा, विहिरीतून आल्यासारखा आवाज द्यायचा. दत्ता पुढे वाकून कुजबुजला, आवाज बारीक हाय की रं याचा. व्यंकू म्हणाला, "मधल्या भागात त्याला घशाचं झालं होतं." दत्ताचं समाधान झालं. माझं झालं नाही. मी कान देऊन ऐकू लागलो, आणि तिथून पुढे ऐकणं मला थांबवता येईना.

मराठीत आपण यंत्रालाही तो म्हणतो किंवा ती म्हणतो. पंखा तो, मोटार ती. इंग्रजीत माणसाला एक सर्वनाम आणि वस्तूला दुसरं. जहाजावरची माणसं थोरल्याला वस्तूचं सर्वनाम लावत होती. त्याला नाव नव्हतं, क्रमांक होता. झगा राखी होता. थोरला हे एक यंत्र होतं, दारं उघडायला आणि ओझी उचलायला केलेलं, आणि त्याने वर केलेला तळवा म्हणजे आज्ञा मिळाली एवढीच पोच होती.

पुढे एका गोठलेल्या चंद्रावर तो प्रसंग आला. तो आम्हाला पाठ होता. व्यंकूने तो कितीदा तरी सांगितला होता. जहाज सुटायचं तर बाहेरून कुणीतरी दार धरून ठेवायला हवं, म्हणून थोरला मागे राहतो. कप्तान जाता जाता वळतो. थोरल्याच्या डोळ्यातून पाण्याची एक धार निघून हनुवटीपर्यंत जाते. हे सगळं पडद्यावर अगदी तसंच होतं. धारही होती. यंत्रं बघणारी एक मुलगी पुढे होते, फडक्याने ते तोंड पुसते. कप्तान तिला म्हणतो, गळतंय ते, राहू दे. लीक होतंय, असं म्हणतो. तीन-चार शब्द, त्याच चिरक्या आवाजात. दत्ता माझ्या पलीकडे नाक ओढत होता. मी व्यंकूकडे बघितलं नाही. त्याने माझ्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला होता, तो उचलून घेतला, एवढं कळलं.

शेवटाआधीच आम्ही उठलो. सायकलींच्या गर्दीत अडकायला नको म्हणून रफीकला घाई होती.

तळ्याच्या कठड्यावर बसून आम्ही उसाचा रस घेतला आणि वाद सुरू झाला. असे वाद त्या वयात कितीतरी होतात, आणि त्यांत जिंकण्याखेरीज काही पणाला नसतं. त्या दिवशी होतं. रफीकचं म्हणणं सरळ होतं: जहाज फुटलं ते नीट दाखवलं, रंगीत होतं, वर पंखा होता, पैसे वसूल. दत्ता चिडला होता. थोरला कप्तानाशी आईचं बोलत नाही, वचनाचं बोलत नाही, मग सिनेमा काढला कशाचा? व्यंकू दोघांपेक्षा कडक होता. सिनेमावाल्यांनी सगळं कापून टाकलं, म्हणाला. ज्याने मालिका बघितली त्याने हे बघूच नये, सगळं वाया. तो भरभर बोलत होता, शब्द न लांबवता.

रफीकने पुर्जा उचललाच. "तुझा डाळिंबी झगा कुठं गेला रे मियाँ? राखी निघाला की. आणि टीव्हीत रंग दिसतो कुठं? माझ्या खालाकडं मुंबईत आहे, सगळं काळंपांढरं."

मला वाटलं, संपलं. पण व्यंकू सावरून बसला. त्याचे शब्द पुन्हा लांब झाले. "काळ्यापांढऱ्यात डाळिंबी कसा दिसतो ते रंगाऱ्याच्या घरात येऊन विचार. संध्याकाळी दिवा गेला की लडी ओळखाव्या लागतात आम्हाला. राखी आणि डाळिंबी काळोखात वेगळे असतात."

दत्ताने मांडीवर थाप मारली. रफीकसुद्धा खूश झाला. चांगलं उत्तर मिळालं की त्याला हरायला आवडायचं. तो मागे हटला नाही मात्र. "बरं, ते सोड. पाणी आलं तेव्हा कप्तान लीक बोलला. आमच्याकडं रोज बोलतात. रेडिएटर लीक, टाकी लीक. माणूस कधी लीक होतो काय?"

व्यंकूने तोंड उघडलं होतं. आणि दत्ता माझ्याकडे वळला. "शिरीधर, तुला इंग्रजी येतंय. तू सांग की. काय म्हणला त्यो?"

त्याचे डोळे अजून लाल होते. त्याच्या मागे केमचा भाऊ उभा होता, कोपऱ्यात, अंगठ्याएवढा. व्यंकू माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "लीक नाही. स्पीक म्हणाला. म्हणजे बोल. 'दादा, आता तरी बोल,' असं म्हणाला तो."

दत्ताने मान हलवली. त्याचं हेच म्हणणं होतं. रफीक म्हणाला, असेल, आवाज फाटत होता थेटरात. मी तिथेच थांबलो असतो तरी बरं झालं असतं. पण सुटलो होतो. मी शहाण्यासारखं समजावून सांगितलं, की असा सिनेमा म्हणजे मूळ पेपर नव्हे, पुरवणी असते. मूळ सोडून तेवढीच तपासली तर गुण कसे देणार. पुरवणी हा शब्द सगळ्यांना फार आवडला. दत्ता म्हणाला, "मंग मूळ पेपर यंकूकडं हाय." सगळे हसले, व्यंकूही हसला. त्याने खिशातून सुताचा तुकडा काढला होता आणि बोटाला गुंडाळत होता, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत.

मी मित्राला वाचवलं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. खोटं बोलल्याचं मला फारसं काही वाटलं नाही. ते खोटं आजही चांगलंच वाटतं. सलतं ते निराळं. रफीकने रंगावरून पकडलं तेव्हा व्यंकूने काय उत्तर दिलं होतं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तो कोंडीत सापडला की त्याला सुचायचं. लीकवरही त्याला सुचलं असतं. त्याने तोंड उघडलं होतं. त्याच्या घरी मागातून तेल गळतं, त्याला कदाचित काही नाव असेल. कदाचित तो म्हणाला असता, हो, यंत्रच होतं, पण. त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते मी कुणाला कळू दिलं नाही. दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेत माझ्या सुवाच्य अक्षरात उत्तर लिहून मी मोकळा झालो. आणि त्याला कळलं की मला कळलंय. रफीकची शंका त्याला चालली असती, तिच्याशी भांडता येत होतं. माझ्या समजूतदारपणाशी तो काय भांडणार?

पुढच्या रविवारी मी तो सिनेमा पुन्हा बघितला. एकट्याने, कुणाला न सांगता, दुसऱ्या दिवशी पेपर असताना. का गेलो ते नक्की सांगता येत नाही. या खेपेला शेवटपर्यंत बसलो. जहाज दूर गेल्यावर ती यंत्रं बघणारी मुलगी आपल्या खोलीत एकटी असते. ते फडकं तिच्या हातात आहे. ती ते बोटांनी चाचपते, मग हळूच जिभेच्या टोकाला लावते. तिचा चेहरा बदलतो. आणि सिनेमा तिथे संपतो. तेलाला खारट चव कसली असणार? बंद काचांच्या त्या जहाजात एकटीला कळतं, की ते गळणं नव्हतं.

मी खुर्चीत बसून राहिलो. झाडणारा माणूस आला तरी उठवेना. व्यंकूने सांगितलेली गोष्ट सिनेमात नव्हती, पण सिनेमा जिथे पोचायला धडपडत होता तिथे व्यंकू आधीच जाऊन बसला होता. आई, वचन, भाऊ, हे त्याने पदरचं घातलं. पाणी मात्र खरं होतं. सिनेमा चांगला होता. मला मनापासून आवडला होता. हे व्यंकूला जाऊन सांगायला हवं होतं, धावत, भर उन्हात. पण ते सांगायचं तर आधी लीक म्हणाला हे कबूल करायला हवं होतं. माझं चांगलं खोटं मध्ये आडवं पडलं होतं. मी घरी आलो, पुस्तक उघडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात पुरवण्या जोडल्या. पांढऱ्या दोऱ्याने.

त्या सुटीत व्यंकू पुण्याला जाऊन आला. दत्ताने पारावर जागा करून दिली. व्यंकू म्हणाला, साहेबांची बदली झाली, आता टीव्ही नाही. आणि पुस्तक उघडलं. त्यानंतर त्याने आमच्यासमोर एकही गोष्ट सांगितली नाही. थोरल्याची नाही, दुसरीही नाही. दत्ता पुढे केमला परत गेला, भावाच्या शेजारी शेतात उभा राहिला. रफीक मुंबईला त्या खालाकडे, मावशीकडे, गेला आणि तिकडचाच झाला. मी कॉलेजात शिकवू लागलो. व्यंकूने घरचे माग चालवले. आमचं जाणंयेणं सुटलं नाही. दिवाळीला मी त्याच्याकडे, संक्रांतीला तो माझ्याकडे. सुताचे भाव, गुडघे, मुलांची लग्नं. बोलता बोलता तो थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा, आणि मी विषय पुढे न्यायचो. इतक्या वर्षांच्या स्नेहात आमचं एकदाही भांडण झालं नाही, हे मी लोकांना कौतुकाने सांगत असे.

शेवटच्या आजारात त्याची वाचा गेली. मी दवाखान्यात एकदा गेलो. त्याचा हात हातात घेतला आणि थंडी यंदा बरी पडली आहे, असं काहीतरी बोललो. दुसऱ्यांदा जायचं ठरवत राहिलो, तोवर तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या घरी गेलो. त्याची मुलगी पद्मा माहेरी आलेली होती. तिने चादर पसरली, पाणी दिलं आणि सुताची लड सोडवत समोर बसली. मागच्या शेडमध्ये माग पुन्हा सुरू झाले होते. पद्माची छोटी मुलगी कशावरून तरी हटून रडत आली आणि तिच्या गुडघ्याला बिलगली. पद्मा माझ्याशी बोलत होती, तिने बोलणं न तोडता, खालीही न बघता विचारलं, "लीक का स्पीक?"

मुलीने हुंदका गिळला. "स्पीक," म्हणाली, आणि तेलुगूत आपलं गाऱ्हाणं सांगू लागली.

मी पेला खाली ठेवला. विचारलं, हे काय.

पद्मा हसली. "ते होय? अप्पांचं. आमच्या घरात कुणी रडलं की आधी हेच विचारायचे. नुसतं गळतंय, का काही सांगायचंय? नुसतं गळत असेल तर गळू द्यायचे. सांगायचं असेल तर हातातलं काम सोडून बसायचे." मग तिने मला माझीच गोष्ट सांगितली. थोरल्याची. तिच्या घरात त्याला पेद्दन्ना म्हणत, म्हणजे थोरला भाऊच. अप्पांनी ती मालिका पुण्यात बंगल्याबाहेरून, बागेतून बघितली होती, बंद काचेतून. आत पंखा चालायचा म्हणून खिडक्या लावलेल्या असत. एक शब्द ऐकू येत नसे. सगळं बोलणं अप्पांनी मनाने घातलं. त्यावरून घरात एक खेळच होता. अप्पा खिडकीच्या काचेपलीकडे उभे राहून नुसते ओठ हलवायचे आणि पोरांनी ओळखायचं. शेवटी ते नेहमी कप्तान व्हायचे. पोरं ओरडायची, लीक. अप्पा मान हलवायचे, चूक. आमच्या श्रीधरला विचारा, तो म्हणतो स्पीक.

ती हे हसत सांगत होती. मी जे इतकी वर्षं छातीशी धरून जपलं, ते या घरात पोरासोरांच्या खेळण्यात होतं. खिडकी सगळ्यांना माहीत होती. फक्त माझ्यासमोर ती बंद राहिली, कारण मी कधी त्या काचेवर टकटक केली नव्हती. व्यंकूने गोष्ट सांगणं कधीच सोडलं नव्हतं. मला सांगणं सोडलं होतं.

"शेवटी शेवटी दवाखान्यात," पद्मा म्हणाली, आणि आता ती हसत नव्हती, "त्यांच्या डोळ्यातून पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, आजाराने येतं तसं, मनावर घेऊ नका. मी विचारलं, अप्पा, लीक का स्पीक? तर त्यांनी ओठ हलवले. दोनदा. काचेमागून हलवायचे तसे. मला नाही ओळखता आलं. तुम्हाला काचेपलीकडचं कळतं म्हणायचे ते. काय म्हणाले असतील हो, काका?"

तिने ओठ हलवून दाखवलं. एकदा, आणि मग सावकाश पुन्हा एकदा. मी बघत होतो. काहीही सांगता आलं असतं. रडू नको. आईला सांभाळ. त्या ओठांवर कुठलंही वाक्य बसलं असतं, आणि तिने ते जन्मभर जपलं असतं. तिचे डोळे तळ्याच्या कठड्यावरच्या दत्तासारखे होते.

"मला नाही कळलं, पद्मा," मी म्हणालो.

तिने मान हलवली. रागावली नाही. उलट कशातून तरी सुटल्यासारखी मागे टेकून बसली. मागांची खटखट मधल्या भिंतीतून येत होती. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि लेकीला विचारलं होतं तितक्याच सहजपणे विचारलं, "लीक का स्पीक, काका?"

"स्पीक," मी म्हणालो. "तो सिनेमा चांगला होता. तुझ्या अप्पांना सांगायचं राहिलं. शेवटी त्यात एक मुलगी असते, तिच्या हातात फडकं असतं."

पद्माने पोरीला मांडीवर घेतलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं.